मालूबाईंची यादी

इतवाऱ्यातल्या चार गल्ल्या आणि पॉवरलूमच्या शेडांमागची वस्ती, एवढा मालूबाईंचा भाग. अकराशे सदतीस मतदार. त्या अंगणवाडी सेविका होत्या आणि त्यासोबत बीएलओ, म्हणजे आपल्या भागाची मतदारयादी सांभाळणारी बाई. कोण वारलं, कोण लग्न होऊन आलं, कोण भाड्याचं घर सोडून गेलं, कोण अठराचं झालं, हे सगळं घरोघर फिरून लिहायचं. मी वामन, बुऱ्हाणपुरातच मराठी शाळेत गुरुजी होतो. असे दहा बीएलओ माझ्या देखरेखीखाली होते. म्हणून हे सगळं मला जवळून माहीत आहे. त्यातल्या काही गोष्टींत माझाही हात आहे, तेही सांगणार आहे.

आमच्यातले बरेच जण यादीचं काम चहाच्या टपरीवर बसून उरकायचे. मालूबाई तसं करायच्या नाहीत. अंगणवाडीतली पोरं खिचडी खाऊन घरी गेली की त्या निघायच्या. माहेर धूलकोटजवळचं, घरी कपाशीची शेती. चालायची सवय तिथलीच. दहावीला शाळा सुटली, बारावी त्यांनी लग्नानंतर पास केली. नवरा निंबाभाऊ केळीच्या मंडीत घड ट्रकमध्ये भरायचं काम करायचे. कमी बोलणारा माणूस. घरात बोलायचं खातं मालूबाईंकडेच होतं.

शेडांमागच्या वस्तीत बहुतेक भाडेकरू. लूमवर काम करणारी तरणी पोरं, त्यांच्या नव्या बायका. यादीत नाव कोणाचंच नाही. एकदा मी त्यांच्यासोबत फिरत होतो. एका पोरानं दारातूनच विचारलं, "दीदी, वोट देऊन मिळतं काय?"

"काही नाही मिळत," मालूबाई म्हणाल्या.

पोरगा हसला. मीही चमकलो. त्या पुढे म्हणाल्या, "तुझ्या दारापुढची नाली बघ. पलीकडच्या गल्लीत पक्की आहे, तुझ्याकडे कच्ची. का? त्या गल्लीत तीनशे नावं आहेत. निवडणूक आली की नेते तिथं हात जोडून जातात. बायका पदर खोचून भांडतात त्यांच्याशी. तुझ्या गल्लीत नावंच नाहीत, तर इथं येऊन कोणी हात कशाला जोडेल? आधी भांडायला माणूस दारात तर आला पाहिजे."

दोन वर्षांत त्यांनी त्या वस्तीत ब्याण्णव नावं चढवली. पुढे नाली पक्की झाली. त्या नावांमुळेच झाली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण झाली.

घरात मात्र वेगळंच चालायचं. त्यांचा मोठा मुलगा समाधान, त्याच्या पाठची हिमानी. समाधाननं आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड केला होता. अठरा पूर्ण झाली त्या जानेवारीत मी फॉर्म तपासायला त्यांच्या घरी गेलो होतो. तो जेवत होता. मालूबाईंनी ताटाशेजारी फॉर्म ठेवला.

"मम्मी, मला नको त्यात."

"का रे?"

"का म्हणजे? ज्याला वोट देऊ तो चार महिन्यांनी पार्टी बदलतो. मग माझं वोट गेलं कुठं? त्याच्यासोबत गेलं की इथंच राहिलं?"

बत्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस असं ऐकून गप्प बसत नाही. मी सुरू झालो. लोकशाही, तरुणांची जबाबदारी, एकेका मताचं मोल. पोरगा शहाणा, त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हात धुता धुता साध्या आवाजात विचारलं, "गुरुजी, निशाताई पुण्याहून येते का वोट द्यायला?"

निशा माझी मुलगी. पुण्यात नोकरीला लागून तिला सहा वर्षं झाली होती. नाव बुऱ्हाणपूरच्या यादीत. ती एकदाही मतदानाला आली नव्हती आणि मीही तिला कधी 'ये' म्हटलं नव्हतं. मी चहाचा कप तोंडाला लावला.

मालूबाईंना हसू आवरेना. "सही कर," त्या म्हणाल्या.

"करतो. पण तुझ्यासाठी करतो हां, देशासाठी नाही."

एप्रिलात पोस्टानं कार्ड आलं. त्यावरचा फोटो बघून तो म्हणाला, "हा तर मोबाईल चोरताना पकडलेला माणूस दिसतो." त्यानंतर महिन्याभरात त्याला पीथमपूरच्या एका कारखान्यात काम लागलं. गल्लीतलाच अक्षय त्याच्याआधी तिथं गेला होता, त्यानंच बोलावून घेतलं. चार पोरं मिळून एका खोलीत राहायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर पाचच दिवसांनी विधानसभेचं मतदान होतं. समाधान दिवाळीला येऊ शकला नाही. नव्या पोरांना सुट्टी मिळाली नाही, जुने गावी गेले. मालूबाईंनी शेव केली, करंज्या केल्या, त्याचा वाटा स्टीलच्या डब्यात वेगळा काढून ठेवला. भाऊबीजेला हिमानीनं मोबाईलवरच त्याला ओवाळलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी अंगणवाडीत होतो. मतदारांच्या पर्च्या, म्हणजे नाव-नंबराच्या चिठ्ठ्या, वाटायच्या राहिल्या होत्या आणि आम्ही दोघं त्या गल्लीवार लावत होतो. मालूबाईंनी फोन लावला. स्पीकर सुरू होता, त्यामुळे दोन्हीकडचं मला ऐकू आलं.

"सतराला मतदान आहे. सगळ्यांना छुट्टी आहे. ये."

"मम्मी, एक बटण दाबायला दोनशे किलोमीटर? अठराला सकाळी परत ड्यूटी आहे."

"मग काय झालं? मी सगळ्या गावाच्या पोरांना बाहेर काढते आणि माझ्याच घरचं नाव कोरं राहिलं तर? लोक तोंडावर हसतील माझ्या."

"हसू दे ना."

"समाधान, मी एकदाच सांगते."

तिकडून थोडा वेळ मशीनचाच आवाज आला. मग तो म्हणाला, "बरं, येतो. सोळाला नाईट आहे. सकाळी सुटलो की अक्षयच्या गाडीवर निघतो. डबा उघडू देऊ नको हिमानीला."

मी पर्च्या लावत होतो. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. मी म्हणालोही, "याला म्हणतात आई." हे शब्द मी नंतर पुष्कळदा आठवले आहेत.

सतराला सकाळी नऊ वाजून गेल्यावर मी फिरत फिरत मालूबाईंच्या बूथवर पोचलो. शाळेच्या फाटकाबाहेर मांडवात टेबल टाकून त्या बसल्या होत्या. पुढ्यात यादी, पर्च्यांचे गठ्ठे. शेडांमागच्या वस्तीतल्या पोरी नव्या साड्या नेसून रांगेत उभ्या होत्या.

"गुरुजी, दोन तासांत एकशे ऐंशी झाले," त्या म्हणाल्या. खुशीत होत्या.

"तुम्ही दिलं का?"

"नाही अजून. समाधान सहालाच निघालाय. आला की दोघं सोबत जाऊ. नाहीतर तो बाहेरच्या बाहेर पळेल."

तेवढ्यात मला गल्लीच्या तोंडाशी निंबाभाऊ दिसले. सकाळी सातलाच मत देऊन ते घरी गेले होते. आता पायात चप्पल नव्हती. त्यांनी मला हातानं बोलावलं. मी गेलो तर त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"पोलिसांचा फोन आला होता. ते म्हणतात पोरगा गेला. तुम्ही एकदा लावून बघता का गुरुजी? मला नीट ऐकू आलं नसेल."

मी लावला. त्यांना नीटच ऐकू आलं होतं. घाट उतरताना एका वळणावर मोटरसायकल घसरली आणि समोरून ट्रक आला. अक्षयचा पाय मोडला होता. समाधान जागीच गेला होता. पोलिसांना त्याच्या खिशातल्या मोबाईलवर 'पप्पा' नावाचा नंबर सापडला.

मी तिथं उभा राहिलो. एक विचार मनात आला, तो लिहायला लाज वाटते: आता या बूथवर कोणाला बसवायचं? मग मी मांडवात गेलो. मालूबाई एका पोरीला सांगत होत्या, "चारशे बारा नंबर तुझा, बाई. आत तोच सांग."

मी खाली वाकून सांगितलं. कुठल्या शब्दांत, ते मला आठवत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग निंबाभाऊंकडे. यादी मिटली. पर्च्यांचे गठ्ठे उचलून एकेक करत माझ्या हातात दिले. "हे नंबराप्रमाणे लावलेत," त्या म्हणाल्या. "घोळ करू नका." आणि उठल्या. दहाएक पावलं सरळ चालत गेल्या आणि रस्त्याच्या मधोमध खाली बसल्या. रांगेतल्या पोरींनीच त्यांना उचललं.

संध्याकाळी सहापर्यंत त्या टेबलावर मी बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तापीच्या काठी समाधानला अग्नी दिला. पुरुष पुष्कळ जमले होते. मंडीतले हमाल, लूमवरचे, गल्लीतले. लाकडं रचताना, तूप ओतताना, हात जोडताना ज्याच्या त्याच्या डाव्या बोटावर शाईची ताजी काळी रेघ. निंबाभाऊंच्या बोटावरही. त्यांनी ती नदीत हात घालून घासली. ती शाई अशी निघत नाही. महिनाभर त्यांच्या नखावर होती. मंडीत घड उचलताना ते मूठ आवळून ठेवायचे, असं त्यांच्यासोबतच्या माणसानं मला सांगितलं.

गल्लीत एकच बोललं जाऊ लागलं. मतदानापायी पोरगं गेलं. दहाव्याला अक्षयची आई कमलाबाई आली. अक्षय प्लास्टरमध्ये घरी पडून होता. बायकांसमोर ती मालूबाईंना म्हणाली, "तुझं तर गेलंच, माझंही लंगडं झालं तुझ्या त्या यादीपायी. काय दिलं गं तुला सरकारनं?"

मालूबाई म्हणाल्या, "हो."

एवढंच. कमलाबाई आणखी बोलायला आली होती, पण ती तिथंच बसून रडू लागली.

तेरवी झाल्यावर मालूबाई अंगणवाडीत परत आल्या. बीएलओचं काम काढून घ्या, असा अर्ज त्यांनी लिहून दिला. वरून उत्तर आलं की लोकसभा होईपर्यंत बदल करता येणार नाही. मग त्या फिरू लागल्या, पण नुसतं कागद देत. कोणी 'कशाला वोट द्यायचं' म्हटलं की गप्प राहत. पूर्वी ज्या पोरांशी भांडायच्या ती पोरंच आता त्यांना बघून डोळे खाली घालायची आणि मुकाट्यानं फॉर्म घ्यायची. कोणी भरायचं, कोणी नाही. वस्तीतली दोन-चार पोरं उघड म्हणायची, "दीदीच्या पोराचं काय झालं बघितलं ना? आपल्याला नको बाबा." ते त्यांच्या कानावर जायचं.

जानेवारीत मतदार दिवस असतो. त्या निवडणुकीत शहरात ज्या भागांत जास्त मतदान झालं त्यात मालूबाईंचा भाग होता. त्यांना प्रशस्तिपत्र द्यायचं ठरलं. नाव मीच पाठवलं होतं, निकालाच्याही आधी. मागे घ्यायचं मला सुचलं नाही. त्या आल्या. टाळ्या वाजल्या. त्यांनी कागद घेतला, खाली येऊन माझ्या शेजारी बसल्या. मग सभागृहातल्या सगळ्या मुलांनी उभं राहून हात पुढे करून मतदानाची शपथ घेतली. मालूबाई उभ्या राहिल्या, हात मात्र पदराखालीच ठेवला. परतताना ऑटोत त्यांनी विचारलं, "हे घरी कुठं ठेवू, गुरुजी?" मी म्हटलं, माझ्याकडे द्या. ते अजून माझ्या कपाटात आहे.

एक काम राहिलं होतं आणि ते सांगायचं माझ्यावर होतं. यादीतून मेलेल्या माणसाचं नाव काढायला सात नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यांच्या भागात त्या वर्षी सव्वीस माणसं वारली. पंचवीस फॉर्म आले. मी म्हटलं, "मालूबाई, एक राहिलाय."

"हो, भरते," त्या म्हणाल्या.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी दुसऱ्या कोणाकडून भरून घेऊ शकलो असतो. नाही घेतला. यादीत सहाशे एक्केचाळीस नंबरला समाधान निंबा तसाच राहिला, वय एकोणीस.

एप्रिलच्या एका दुपारी मी अंगणवाडीत गेलो होतो. पोरं घरी गेली होती. त्या खिचडीचं पातेलं घासत होत्या. माझ्याकडे न बघताच बोलायला लागल्या.

"लोक म्हणतात मी मतासाठी बोलावलं. मी मतासाठी नव्हतं बोलावलं, गुरुजी."



"दिवाळीला आला नाही. मला त्याला बघायचं होतं. जेवतो की नाही, वाळला का, बघायचं होतं. 'मला तुला बघायचंय' म्हटलं असतं तर तो हसला असता. पुढच्या महिन्यात येतो म्हणाला असता. मतदानाची छुट्टी कंपनीला द्यावीच लागते, म्हणून मी ते कारण काढलं. लोक हसतील म्हटलं. लोक कशाला हसतात? कोण बघतं कोणाच्या पोरानं वोट दिलं की नाही?"

पातेलं उपडं घालून त्या उंबऱ्यावर बसल्या.

"आता वस्तीतली पोरं म्हणतात, मतानं मारलं त्याला. त्यांना सांगावंसं वाटतं, अरे मतानं नाही, मी मारलं. तुम्ही तुमचं वोट द्या नाहीतर देऊ नका, पण माझ्या पोराचं नाव त्यात घालू नका. पण हे सांगायला तोंड उघडत नाही."

"तुम्ही नाही मारलं," मी म्हणालो.

"तुम्हाला काय माहीत?" त्या शांतपणे म्हणाल्या. खरंच, मला काय माहीत होतं?

मे महिन्याच्या तेराला लोकसभेचं मतदान होतं. आठवडाभर आधी छापील पर्च्या आल्या. त्यात समाधानचीही आली. नाव काढलंच नव्हतं, तर येणारच. त्या दिवशी गिरधर त्यांच्याकडे गेला. गिरधर म्हणजे एका उमेदवाराचं गल्लीतलं काम बघणारा माणूस. वाईट नाही, पण निवडणुकीच्या दिवसांत त्याला माणूस दिसत नाही, नुसते नंबर दिसतात. तो म्हणाला, "मालूताई, जी पोरं बाहेर आहेत त्यांच्या पर्च्या माझ्याकडे द्या ना. मी पोचवतो."

"बाहेरच्यांना कशा पोचवशील?"

"ते बघतो मी. आणि..." त्यानं आवाज खाली केला. "समाधानचं नाव अजून यादीत दिसतंय. वाया कशाला जाऊ द्यायचं? त्याच्या वयाची पोरं आहेत माझ्याकडे."

मालूबाई उठल्या, दाराला कडी लावली आणि भर उन्हात चालत माझ्या घरी आल्या. दारात उभं राहूनच म्हणाल्या, "गुरुजी, सात नंबरचा फॉर्म द्या."

मला सांगावं लागलं की आता उशीर झाला. यादी बंद झाली होती. फॉर्म घेता येईल, पण नाव या निवडणुकीत निघणार नाही. त्या पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या.

"मग कोणीही येऊन समाधान म्हणून उभं राहणार? त्याचं नाव सांगणार? त्याच्या नावाची शाई लावून घेणार?"

"नाही. दुसरी एक यादी असते. जे हजर नाहीत, जे गाव सोडून गेले आणि जे वारले, त्यांची. ती बीएलओनंच करायची. मतदानाच्या दिवशी ती आतल्या अधिकाऱ्याच्या हातात असते. त्या यादीत लिहिलेल्या नंबरावर कोणी आलं तर त्याची कसून तपासणी होते."

"आणा."

माझ्या ओट्यावर बसून त्यांनी ती यादी लिहिली. बाहेरगावी गेलेल्या अठ्ठावन्न पोरांची नावं, गिरधरनं मागितलेली ती सगळी. शेवटी सहाशे एक्केचाळीस. समाधान निंबा. पुढच्या रकान्यात कारण लिहायचं असतं. त्यांनी पेन टेकवला, उचलला, परत टेकवला. मग 'मृत' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच गोल आणि नीट होतं. त्याच बैठकीत सात नंबरचा फॉर्मही भरला. अर्जदाराचं मृताशी नातं: आई. सही करून उठल्या आणि पाणी मागितलं.

तेराला सकाळी सातपासून त्या टेबलावर होत्या. जेवायलाही उठल्या नाहीत. तीन वेळा फाटकापर्यंत जाऊन त्यांनी निरोप पाठवला, "सहाशे एक्केचाळीसवर कोणी आलं का विचारा." कोणी आलं नव्हतं. गिरधर त्या दिवशी त्या बाजूला फिरकलाच नाही.

तीनच्या सुमाराला, ऊन रणरणत असताना, अक्षय आला. काठी टेकत, एक पाय ओढत. अपघातानंतर तो पहिल्यांदाच मालूबाईंसमोर आला होता. मी बाजूलाच होतो.

"काकू, पर्ची आहे का माझी?"

"आहे."

त्यानं ती घेतली नाही. उभाच राहिला. मग म्हणाला, "गाडी मी चालवत होतो."

मालूबाईंनी मान वर केली.

"पोलिसांना मी समाधानचं नाव सांगितलं. माझ्याकडे लायसन नव्हतं. तो पाठीमागे होता. रात्रभर दोघं मशीनवर उभे होतो, काकू. तो म्हणाला होता दोन तास झोपून निघू. मीच म्हणालो, चल, आत्ता ट्राफिक नाही. घाटात माझा डोळा लागला. तुमच्या यादीनं काही नाही केलं. माझी मम्मी उगाच तुम्हाला बोलते."

मला वाटलं आता त्या त्याच्या अंगावर जातील. त्या बराच वेळ त्याच्या पायाकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "रस्त्यात काही खाल्लं होतं का त्यानं?"

"हो. घाटाच्या आधी थांबलो होतो. पोहे खाल्ले. दोन प्लेट."

"दोन प्लेट खाल्ले?"

"हो. आणि जिलबी."

मालूबाईंनी पदर तोंडात कोंबला आणि टेबलावर डोकं टेकलं. मुलगा गेल्यापासून त्या माणसांसमोर रडल्या नव्हत्या. आता सगळी रांग बघत होती. अक्षय काठी टाकून खाली बसला आणि त्यांच्या पायाला हात लावून बसून राहिला. बऱ्याच वेळानं त्यांनी डोकं उचललं, त्याची पर्ची शोधली आणि त्याच्या हातात दिली.

"दोनशे नव्वद नंबर आहे. द्यायचं तर दे, नाहीतर घरी जा. उन्हात उभा राहू नको."

"काय करू, काकू?"

"ते मला नको विचारू, बाळा. मी आता कोणाला सांगत नाही."

तो रांगेत पाच-सात मिनिटं उभा राहिला. मग पर्ची खिशात घालून घरी गेला. मालूबाईंनी त्याला हाक मारली नाही. त्यांनी स्वतःही त्या दिवशी मत दिलं नाही. सहाला फाटक बंद झालं, यादी आणि उरलेल्या पर्च्या माझ्याकडे देऊन त्या निघाल्या. बोटं दोन्ही हातांची कोरी होती.

पुढे अक्षयनं स्वतःच निंबाभाऊंना आणि आपल्या आईला सगळं सांगितलं, म्हणून मी ते इथं लिहू शकलो. निंबाभाऊ त्याच्याशी बोलत नाहीत. कमलाबाई येते, मालूबाईंच्या ओट्यावर बसते, दोघी तूर निवडतात. पीथमपूरचं काम अक्षयनं सोडलं. आता तो इथंच एका लूमवर सूत भरतो. मी निवृत्त झालो. निशाचं नाव पुण्याच्या यादीत टाकून घ्यायला मी तिला दोनदा फोन केला. तिनं टाकलं की नाही, कळलं नाही.

मालूबाईंचं बीएलओचं काम सुटलं नाही. नवीन सेविका घ्यायला तयार होईना. दीड वर्षानं पुन्हा घरोघर जाऊन सगळी यादी तपासायचं फर्मान आलं. मी मोकळाच होतो, मदतीला म्हणून त्यांच्या घरी गेलो. प्रत्येक मतदाराच्या नावाचा छापील कागद आला होता. त्यांच्या घराचे दोनच होते, निंबाभाऊंचा आणि त्यांचा. त्यांनी ते वेगळे काढून शेल्फवर ठेवले.

हिमानीला त्या ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झाली होती. मालूबाईंनी तिच्याकडे विषय काढला नव्हता. पण त्या दिवशी ती आतून आली, आईच्या गठ्ठ्यातून नव्या नावाचा एक फॉर्म घेतला आणि खिडकीशी बसून भरायला लागली. आम्ही दोघं बघत होतो.

"तुला कोणी भर म्हटलं?" मालूबाईंनी विचारलं.

"कोणी नाही."

"वोट देणार का?"

"माहीत नाही. तेव्हाचं तेव्हा बघू. पण नाव पाहिजे मला." हिमानीनं मान वर केली नाही. "दादाचं काढलं तेव्हा आपल्या घरचं एक कमी झालं ना?"

निंबाभाऊ बाजेवर बसले होते, ते उठून बाहेर गेले. हिमानीनं फॉर्म पुढे केला. मालूबाईंनी चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचला.

"जन्मतारीख चुकली," त्या म्हणाल्या. "मार्कशीटवर एकोणीस आहे, तू नऊ लिहिलंस. दुसरा घे. खाडाखोड चालत नाही."

हिमानीनं दुसरा घेतला. मालूबाईंनी चुकलेला फॉर्म फाडून चुलीजवळ ठेवला, पायात चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "चला गुरुजी. शेडांमागची साठ घरं राहिलीत, दिवस मावळायच्या आत करू."

पहिल्याच दारात एक अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं उभं होतं. त्यांनी कागद पुढे केला, "नाव टाकायचं का?" एवढंच विचारलं, आणि त्याचं उत्तर यायची वाट बघत उभ्या राहिल्या.